डायलिसिस: रक्त धुणारे यंत्र आणि ‘कोणाला जगवायचे?’ हा प्रश्न

१/
११ सप्टेंबर १९४५. नेदरलँड्समधील इसेल नदीकाठचे कांपेन हे लहानसे गाव. पाच वर्षांचा जर्मन ताबा संपून काही महिनेच झाले होते. गावातील एका बराकीत नाझींशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून पकडलेले लोक कैदेत होते. त्यांच्यापैकी ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणली गेली. तिची मूत्रपिंडे बंद पडली होती. तिला वाचवण्याचा एकच मार्ग होता, आणि तो आजवर कोणाच्याही बाबतीत खात्रीने यशस्वी झालेला नव्हता. ‘हिच्यासाठी एवढी धडपड कशाला?’ असे वाटणाऱ्यांची गावात वाण नव्हती. डॉक्टरांनी मात्र यंत्र सुरू केले.

२/
त्या यंत्राचे आजचे रूप आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. कोणाचे काका, कोणाची आत्या, कोणाचा शेजारी आठवड्यातून दोनदा-तीनदा ‘डायलिसिसला’ जातो. शब्द घराघरांत पोहोचला. त्यामागचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. हे यंत्र नेमके काय करते, ते कोणी घडवले, आणि ते घडल्यानंतर ‘कोणाला जगवायचे’ हा प्रश्न माणसांपुढे कसा उभा राहिला, याचा हा धागा. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

३/
आधी मूत्रपिंडाविषयी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला असलेले हे दोन अवयव आकाराने मुठीएवढे. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दर मिनिटाला साधारण एक लिटरहून अधिक रक्त त्यांच्यातून जाते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील जवळजवळ सारा पुन्हा रक्तात परत घेतला जातो; उरलेले दीड-दोन लिटर मूत्र होऊन बाहेर पडते. म्हणजे मूत्रपिंड केवळ घाण बाहेर टाकत नाही. काय ठेवायचे आणि किती ठेवायचे, याचा निवाडा ते क्षणोक्षणी करत असते.

४/
हा निवाडा थांबला की काय होते? प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणारा युरिया रक्तात साचतो. पाणी बाहेर पडत नाही, म्हणून पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी भरते, श्वास लागतो. पोटॅशियम वाढले तर हृदयाचा ठोका अवचित थांबू शकतो. उलट्या, खाज, ग्लानी आणि शेवटी बेशुद्धी असा हा प्रवास असे. पिढ्यान् पिढ्या वैद्य आणि डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून तो पाहत आले होते. रोग ठाऊक होता, कारण ठाऊक होते, उपाय मात्र हाती नव्हता.

५/
उपायाचे पहिले सूत्र रुग्णालयात सापडले नाही. ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडले. टॉमस ग्रॅहम हे ग्लासगोत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. १८६१ साली त्यांनी एका साध्या प्रयोगाचे वर्णन केले. चाळणीसारख्या कड्यावर वनस्पतिजन्य चर्मपत्र ताणून बसवायचे, त्यात मिश्रण ओतायचे आणि ते कडे पाण्यावर तरंगत ठेवायचे. काही वेळाने मिश्रणातील लहान कण कागदातून पलीकडच्या पाण्यात उतरतात. मोठे कण अलीकडेच राहतात. मूत्रातील युरिया अशा रीतीने वेगळा करता येतो, हेही त्यांनी दाखवले. या क्रियेला त्यांनी ग्रीक शब्दांवरून नाव दिले: डायलिसिस. मराठी परिभाषेत ‘अपोहन’.

६/
यामागचे तत्त्व स्वयंपाकघरातही दिसते. चहाची पुडी गरम पाण्यात सोडली की रंग आणि स्वाद बाहेर येतो, पाने मात्र पुडीतच राहतात. पदार्थाचे कण जिथे दाटी असते तिथून जिथे विरळ असतात तिकडे सरकतात. याला विसरण म्हणतात. मध्ये सूक्ष्म छिद्रांचे पटल असेल तर छिद्रांतून मावतील तेच कण पलीकडे जातात. रक्ताच्या बाबतीत युरियाचे कण लहान, म्हणून ते निसटतात. रक्तपेशी आणि प्रथिने मोठी, म्हणून ती अडतात. आजच्या अत्याधुनिक डायलिसिस यंत्राचा पायाही हाच आहे.

७/
पण टेबलावरचे मिश्रण वेगळे आणि जिवंत प्राण्याचे वाहते रक्त वेगळे. रक्त शरीराबाहेर आले की गोठते. १९१३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन एबल, लिओनार्ड राउन्ट्री आणि बेंजामिन टर्नर या तिघांनी कोलोडियनच्या नळ्यांमधून प्राण्यांचे रक्त खेळवले आणि ते पुन्हा शरीरात सोडले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांच्या डोक्यांतून काढलेले हिरुडिन वापरले. जळू चावल्यावर रक्त लवकर थांबत नाही, हे आपल्याकडच्या गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. त्याचे कारण हेच द्रव्य. मात्र ते शुद्ध स्वरूपात मिळवणे कठीण आणि माणसासाठी जोखमीचे होते.

८/
१९२४ साली जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ग हास यांनी प्रथमच माणसावर हा प्रयोग केला. तो केवळ १५ मिनिटांचा होता. रुग्णाला अपाय झाला नाही; लाभ व्हावा एवढा वेळही तो चालला नव्हता. पुढे हास यांनी हेपारिन हे नवे, अधिक सुरक्षित द्रव्य वापरून पाहिले. पण पाठिंबा मिळाला नाही आणि काम थांबले. तरीही दोन गोष्टी हळूहळू जमून येत होत्या. हेपारिन शुद्ध रूपात मिळू लागले आणि सेलोफेन नावाचा पातळ, चिवट, स्वस्त कागद बाजारात आला. आता गरज होती ती या दोन्ही गोष्टी एकत्र आणणाऱ्या माणसाची.

९/
१९३८ साल. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात विलेम कोल्फ हे २७ वर्षांचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्याकडे दिलेल्या थोड्या खाटांपैकी एकीवर २२ वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. मूत्रपिंडे निकामी, दृष्टी जात चाललेली, सतत उलट्या. मुलगा वाचणार नाही हे त्याच्या आईला सांगण्याचे काम कोल्फ यांच्या वाट्याला आले. त्याच्या शरीरातून रोज थोडा युरिया काढता आला असता, तर तो जगू शकला असता, हा विचार त्यांना सोडेना. औषध नको होते, चमत्कारही नको होता. हवी होती फक्त एक बाहेरची गाळणी.

१०/
विद्यापीठातील प्राध्यापक ब्रिंकमन यांनी त्यांना सेलोफेनचे गुण समजावून दिले. मांसाचे सॉसेज भरण्यासाठी तेव्हा सेलोफेनच्या नळ्या मिळत असत. कोल्फ यांनी अशी एक हातभर लांबीची नळी घेतली, तिच्यात थोडे रक्त भरले, त्यात मुद्दाम युरिया मिसळला आणि ती नळी मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. पाचच मिनिटांत जवळजवळ सारा युरिया पाण्यात उतरला होता. ग्रॅहम यांच्या प्रयोगाला ७५ वर्षे उलटून गेली होती. आता नळी किती लांब हवी आणि पाणी किती हवे, एवढाच हिशेब उरला होता.

११/
तेवढ्यात युद्ध आले. मे १९४०मध्ये जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले. कोल्फ यांचे प्रमुख, प्राध्यापक पोलाक डॅनियल्स हे ज्यू होते. आक्रमणानंतर त्यांनी पत्नीसह आत्महत्या केली. त्यांच्या जागी नाझींना अनुकूल असा माणूस नेमला गेला. त्याच्या हाताखाली काम करण्याची कोल्फ यांची तयारी नव्हती. त्यांनी विद्यापीठ सोडले आणि कांपेनच्या छोट्या रुग्णालयात नोकरी धरली. प्रयोगशाळा नाही, निधी नाही, सामग्रीवर युद्धाचे निर्बंध. वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठे यंत्र अशा ठिकाणी आकाराला आले.

१२/
गावात एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना होता. त्याचे संचालक बेर्क यांनी मोठी टाकी करून दिली. टाकीत लाकडी पट्ट्यांचा आडवा ढोल बसवला. ढोलाभोवती सुमारे २० मीटर सेलोफेनची नळी वळणावळणाने गुंडाळली. ढोल फिरू लागला की नळीतील रक्त आपल्याच भाराने पुढे सरके आणि दर फेरीला नळी टाकीतील मिठाच्या पाण्यात बुडून वर येई. फिरत्या ढोलातून रक्त न सांडता आत-बाहेर कसे न्यायचे, हा प्रश्न फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपातील सांध्याने सुटला. पाहणाऱ्याला ते धोब्याचे यंत्र वाटावे. आणि एका अर्थी ते तसेच होते.

१३/
१७ मार्च १९४३ रोजी पहिली रुग्ण यंत्राला जोडली गेली: २९ वर्षांची तरुण स्त्री. रक्त शुद्ध होई, तिला बरे वाटे. पण तिची मूत्रपिंडे कायमची गेली होती. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि एकदा वापरलेली वाहिनी पुन्हा कामी येत नसे. बारा वेळा उपचार झाले. मग टोचण्याजोगी वाहिनीच उरली नाही आणि ती गेली. पुढच्या दोन वर्षांतील रुग्णांची कथा फारशी वेगळी नव्हती. पहिल्या सोळा जणांपैकी यंत्रामुळेच वाचला असे निःशंकपणे सांगता येईल, असा एकही नव्हता.

१४/
सतरावी रुग्ण म्हणजे धाग्याच्या आरंभी आलेली ती कैदी स्त्री: सोफिया शाफश्टाट. सुमारे अकरा तास यंत्र फिरत राहिले. ती शुद्धीवर आली. काही दिवसांत तिची स्वतःची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली. डायलिसिसने निर्विवादपणे वाचवलेली ती जगातील पहिली व्यक्ती. त्यानंतर ती सहा वर्षे जगली आणि ७३व्या वर्षी वेगळ्याच कारणाने मरण पावली. नाझींमुळे ज्यांचे गुरू गेले, त्या डॉक्टरांनी नाझींची साथ दिल्याचा आरोप असलेल्या बाईचे रक्त रात्रंदिवस राबून तयार केलेल्या यंत्राने धुतले. ती लायक आहे का, असा प्रश्न कोल्फ यांच्या यंत्राने विचारला नाही.

१५/
युद्धकाळातच कोल्फ यांनी आणखी यंत्रे करून लपवून ठेवली होती. शांतता होताच त्यांनी ती लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल, क्राकूव्ह अशा ठिकाणी पाठवून दिली. स्वामित्वहक्क घेतला नाही. बोस्टनमधील पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात या यंत्राची सुधारित, भक्कम आवृत्ती तयार झाली. कोरियन युद्धात जखमी सैनिकांवर तिचा उपयोग झाला आणि मूत्रपिंडे अकस्मात बंद पडून होणाऱ्या मृत्यूंना मोठा आळा बसला. यंत्र उपयुक्त आहे याविषयी आता शंका राहिली नाही. शंका उरली ती त्याच्या मर्यादेविषयी.

१६/
मर्यादा अशी, की तात्पुरत्या बंद पडलेल्या मूत्रपिंडांना हे यंत्र चार-आठ दिवसांची उसंत देऊ शके. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली, त्यांना मात्र आयुष्यभर, दर आठवड्याला ते लागणार. आणि तेवढ्या रक्तवाहिन्या कोणाच्याच शरीरात नसतात. कांपेनच्या पहिल्या रुग्णाचा प्रश्न १७ वर्षे तसाच होता. अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांकडे १९६०च्या आरंभी असाच एक रुग्ण आला. उपचारांनी तो सावरला. पण विकार कायमचा आहे हे कळल्यावर त्याला मरण्यासाठी घरी पाठवावे लागले. त्यानंतर स्क्रिब्नर यांची झोप उडाली.

१७/
त्यांना सुचले ते इतके सोपे होते की आधी कोणाला कसे सुचले नाही, याचे नवल वाटावे. दरवेळी वाहिनी उघडायचीच कशाला? एक नळी धमनीत आणि एक शिरेत कायमची बसवावी. उपचार नसताना दोन्ही टोके इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या तुकड्याने जोडावी, म्हणजे रक्त वाहते राहील आणि गोठणार नाही. नळ्या टेफ्लॉनच्या, कारण त्याला काही चिकटत नाही. वेन क्विन्टन या अभियंत्याने त्या वळवून घडवल्या. ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या ३९ वर्षांच्या यंत्रकारागिराला ही जोडणी बसवली. तो ११ वर्षे जगला.

१८/
कथा इथे सुखान्त व्हावी, असे वाटते. प्रत्यक्षात एक नवाच पेच उभा राहिला. आतापर्यंत कायमच्या मूत्रपिंडविकाराला उपाय नव्हता, म्हणून मृत्यू ही नियती होती. आता उपाय होता, पण यंत्रे मोजकी आणि खर्च डोळे पांढरे करणारा. १९६२च्या जानेवारीत सिएटलमध्ये जगातील पहिले बाह्यरुग्ण डायलिसिस केंद्र सुरू झाले. मागणारे पुष्कळ, खाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आधी डॉक्टरांनी वैद्यकीय निकषांवर निवड केली. तरीही नावे उरलीच. मग ती एका सात जणांच्या समितीकडे सोपवण्यात आली.

१९/
त्या सात जणांत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक शल्यचिकित्सक. त्यांची नावे गुप्त. समोर रुग्णांची माहिती: वय, विवाह, मुले किती, उत्पन्न, शिक्षण, नोकरी, चर्चला जातो का, समाजासाठी काय केले. ४५ वर्षांपुढील प्रौढ आणि लहान मुले आधीच वगळलेली. यांतून कोणाला यंत्र द्यायचे ते ठरवायचे. ज्याला ते मिळणार नाही, त्याचे काय होणार हे सातही जणांना ठाऊक होते. नोव्हेंबर १९६२मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी या समितीवर दीर्घ लेख लिहिला आणि अमेरिका हादरली.

२०/
टीकाकारांनी नेमके बोट ठेवले. मध्यमवर्गीय समितीला मध्यमवर्गीयच लायक वाटणार. एकटा राहणारा, चर्चला न जाणारा, लहरी कलावंत किंवा गरीब मजूर या मोजपट्टीत कधी बसणार? समितीतील माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी हे काम विनामोबदला आणि जड मनाने केले. पण ‘हे आयुष्य त्या आयुष्यापेक्षा मोलाचे’ असे सांगणारा तराजू माणसाच्या हाती आला की दांडी आपल्यासारख्यांच्याच बाजूला झुकते. याच वादातून अमेरिकेत वैद्यकीय नीतिशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा उभी राहण्यास मोठी चालना मिळाली.

२१/
समितीने नाकारलेल्यांत एक शाळकरी मुलगी होती. विद्यापीठातील अभियंते लेस बॅब यांची तिच्या वडिलांशी मैत्री होती. बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिने झपाटून काम केले आणि १९६४ साली घरी चालवता येईल असे यंत्र तयार केले. नियमाने जिला दार बंद केले, तिच्यासाठी भिंतीत नवे दार पाडले गेले. घरगुती डायलिसिसची वाट अशी खुली झाली. मात्र प्रत्येक नाकारलेल्या मुलीच्या वडिलांचा मित्र अभियंता नसतो, हेही इथेच नोंदवून ठेवायला हवे.

२२/
१९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. धमनीच्या दाबाने शीर फुगते, जाड होते आणि पुनःपुन्हा सुया टोचण्याजोगी बनते. हाच आजचा ‘फिस्टुला’. त्यावर बोट ठेवले तर आत सतत थरथर जाणवते. पैशाचा प्रश्न मात्र कायद्यानेच सुटायचा होता. १९७१मध्ये एका रुग्णाने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर यंत्र जोडून घेऊन साक्ष दिली. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी झालेल्या कायद्याने तेथील जवळजवळ सर्व मूत्रपिंडरुग्णांचा खर्च शासनाकडे आला. सात जणांच्या समितीची गरज संपली.

२३/
आज केंद्रात नेमके काय घडते? फिस्टुलात दोन सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येते, पंपाने डायलायझर नावाच्या नळकांड्यात जाते. त्यात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंतून रक्त वाहते आणि तंतूंच्या बाहेरून उलट दिशेने क्षारांचे मोजके द्रावण. युरिया, पोटॅशियम पलीकडे जातात. दाबातील फरकाने साठलेले पाणी ओढून घेतले जाते. शुद्ध रक्त दुसऱ्या सुईने परत येते. एका वेळेला साधारण चार तास आणि सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी. म्हणून डायलिसिस केंद्र म्हणजे नुसते यंत्र नव्हे: त्याला अखंड वीज, शुद्ध पाणी आणि जाणकार तंत्रज्ञ लागतो.

२४/
हे यंत्र मूत्रपिंड परत देत नाही, हेही जाणून घ्यावे. मूळ अवयव आठवड्याचे १६८ तास राबतो. यंत्र बारा तास. रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक आणि हाडांसाठी लागणारे क्रियाशील ड जीवनसत्त्व यंत्र बनवू शकत नाही. म्हणून इंजेक्शने, गोळ्या आणि पाण्याच्या प्रत्येक घोटाचा हिशेब. पोटाच्या आतील पडद्याचाच गाळणी म्हणून उपयोग करणारी दुसरी पद्धत १९७०च्या दशकात रूढ झाली. ती घरी करता येते. योग्य रुग्णाला मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण अधिक मोकळे आयुष्य देते. तोवर डायलिसिस हा आधार. कित्येकांसाठी तोच अखेरपर्यंतचा सोबती.

२५/
आता आपल्या देशाकडे वळू. भारताच्या राजकीय इतिहासातील एक पान या यंत्राशी थेट जोडलेले आहे. जून १९७५मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि जयप्रकाश नारायण यांना अटक झाली. चंडीगड येथे स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले आणि ते अखेरपर्यंत चालले. त्यांच्यासाठी यंत्र घ्यावे म्हणून लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधानांच्या निधीतून आलेली रक्कम जेपींनी परत पाठवली.

२६/
२४ मार्च १९७७ रोजी राजघाटावर नव्या खासदारांना शपथ देणारे जेपी डायलिसिसवर जगत होते. मार्च १९७९मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता संसदेत सांगितली गेली. ते आणखी सहा महिने जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचा अंत झाला. निकामी मूत्रपिंडांनंतर मिळालेली ही जवळजवळ चार वर्षे देशाच्या इतिहासात काय ठरली, हे सांगायला नको. पण त्याच वर्षांत भारतातील सामान्य मूत्रपिंडरुग्णाच्या वाट्याला यंत्र येणे जवळपास अशक्य होते. जेपींसाठी देशाने वर्गणी काढली. शेतमजुरासाठी कोण काढणार होते?

२७/
२०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणाने या प्रश्नाला आकड्यांत मांडले. दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण. देशात सुमारे ४,९५० केंद्रे, बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांत. गरज जेमतेम निम्मी भागते. घरच्यांवर वर्षाला तीन लाखांहून अधिक भार. त्याच भाषणात जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस पोहोचवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. पाऊल मोठे आहे. तरीही मोफत उपचारासाठी आठवड्यातून तीनदा एसटीने तालुक्याहून जिल्ह्याला जायचे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवायची, हा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर दिसत नाही.

२८/
सिएटलच्या समितीला निदान टेबल होते, सात खुर्च्या होत्या, निर्णयाची जबाबदारी होती. आपल्याकडे तोच निवाडा अंतर, भाडे, वीज आणि पाणी हे मुकाट्याने करत असतात. कोणी कोणाला नाकारत नाही. माणूस आपोआपच एक फेरी चुकवतो, मग दुसरी, आणि यादीतून नाव गळते. अशा मृत्यूला निर्णय म्हणत नाहीत. त्यामुळे त्याचा जाब विचारायला कोणी उभे राहत नाही आणि त्यावर कोणी लेखही लिहीत नाही.

२९/
मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन मोठी कारणे. दोन्हींची तपासणी स्वस्त आहे आणि मूत्रपिंड किती काम करते हे रक्ताच्या व लघवीच्या साध्या चाचणीतून कळते. घरात कोणाला यांपैकी काही असेल, तर ती चाचणी डॉक्टरांना विचारून वेळेवर करावी. वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेऊ नयेत. सर्वांत उत्तम डायलिसिस म्हणजे ज्याची गरजच पडली नाही ते.

३०/
विलेम कोल्फ ११ फेब्रुवारी २००९ रोजी गेले. ९८वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. सॉसेजची नळी, भांड्यांच्या कारखान्यातील टाकी, मोटारीचा सांधा आणि लाकडी ढोल यांतून त्यांनी उभे केलेले यंत्र आज जगभर लाखो माणसांना जगवते आहे. त्या यंत्राला रुग्णाची जात, पक्ष, उत्पन्न, चारित्र्य काही कळत नाही. त्याला फक्त युरिया कळतो. कांपेनच्या त्या रात्रीने घालून दिलेला धडा तोच आहे. यंत्राचे हे आंधळेपण व्यवस्थेच्याही अंगी येईल, तेव्हा हा इतिहास पुरा होईल.

धागा समाप्त. आपल्या परिचयातील कोणी डायलिसिसला जात असेल, तर त्यांच्यासोबत एखादी फेरी जरूर करावी. चार तास बसायला सोबत असली की वेळ लवकर सरतो.